पिल्लू दाखवतात, पिल्लाची आई दाखवत नाहीत

दोन सेवांचा एकत्र रिव्ह्यू लिहितेय, कारण पहिलीनं जे विकलं ते निस्तरायला दुसरी घ्यावी लागली. पहिली म्हणजे पुणे जिल्ह्यातलं एक केनेल, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणारं ठिकाण, जिथून आम्ही मार्च २०२४ मध्ये रॉटविलरचं पिल्लू आणलं. दुसरी म्हणजे फौजेतून रिटायर झालेले एक ट्रेनर, जे घरी येऊन कुत्र्याचा स्वभाव तपासतात. केनेलचं नाव लिहीत नाही, उद्या त्यांचे फोन कोण घेत बसणार. ट्रेनरचंही नाही, कारण तेच म्हणाले, "ताई, आहेत तेवढी कामं पुरेत." केनेलला पाचात दीड, ट्रेनरना पाचात साडेचार.

आमची बाग निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतपासून आत. साडेसहा एकर थॉमसन जातीची द्राक्षं आणि थोडा कांदा. २०२३ च्या दिवाळीत विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली, नवी टाकली तर जानेवारीत तीही गेली. त्यात शेजारच्या उसाच्या कडेला बिबट्याचे ठसे. आमचे हे म्हणाले, एक दणकट कुत्रं आणू. नाना, म्हणजे माझे सासरे, म्हणाले काळू आहे की. काळू आमचं गावठी कुत्रं, वय नऊ, भाकरीवर वाढलेलं. पण ह्यांनी मोबाईलवर इतकी रिळं बघितली होती की काळूकडे बघून त्यांना वाईटच वाटायला लागलं होतं.

केनेल दिसायला झकास. धुतलेल्या फरश्या, भिंतीवर शोच्या रिबिनी, ऑफिसात एसी, चहा कपबशीतून. मालक गोड बोलणारा. 'हेवी बोन', 'बिग हेड', 'सर्बियन लाइन' (लाइन म्हणजे वंश) हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले, आता झोपेतही म्हणू शकते. पिल्लाचा बाप मागच्या बाजूला पिंजऱ्यात होता. आम्ही दहा फुटांवर आलो तसा तो जाळीवर आदळायला लागला. तोंडाला फेस, पिंजऱ्याचा लोखंडी अँगल थरथरतोय. मालक कौतुकानं म्हणाला, "पॉवर बघा. याच्याजवळ फक्त मी आणि आमचा एक पोरगा जाऊ शकतो." आम्ही दोघं नवरा-बायको मान डोलावत उभे! परक्या दोन माणसांना नुसतं बघून ज्याचा जीव असा कासावीस होतो, त्याच्या पोराला आपण घरात नेतोय, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आई दाखवा म्हटलं तर, "नुकतीच व्यालीय, चिडचिड करते." व्यायला अडतीस दिवस झाले होते. आमच्याकडे म्हैस व्याली की दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली खरवसाच्या चिकासाठी गोठ्यात येते. मी तेव्हाच दार धरून बसायला हवं होतं, पण पिल्लू माझ्या ओढणीत तोंड खुपसून झोपलेलं आणि हे गुगल पे उघडून उभे.

घाई व्हायला आणखी एक कारण झालं. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवलं होतं की २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास, विक्री थांबवा. रॉटविलर, केन कोर्सो, कांगल, कॉकेशियन शेफर्ड, सगळे त्या यादीत. मालकानं ते पत्र मोबाईलवर दाखवलं. "महिन्याभरात ही जात मिळणारच नाही. आत्ता पंचेचाळीसला देतोय, उद्या लाखाला शोधाल." १६ एप्रिलला दिल्ली हायकोर्टानं ते पत्र रद्द केलं, संबंधितांच्या हरकती न मागवताच काढलं म्हणून. तोवर आमचे ४५,००० रुपये गेले होते आणि पिल्लानं ह्यांची एक चप्पल संपवली होती. बंदीचा उपयोग करून माल खपवणारा माणूस मी खतांच्या दुकानात बघितलाय, कुत्र्यांच्या दुकानात पहिल्यांदाच.

अडतीस दिवसांचं पिल्लू विकणंच बेकायदा होतं, हे मला वर्षभरानं कळलं. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद लागते. बाजारात मात्र 'पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू' हे ठरलेलं मापच होऊन बसलंय. नोंदणीचा नंबर आम्ही विचारला नाही, त्यांनी दाखवला नाही.

दीड स्टार कशासाठी, तेही सांगते. लसीचं कार्ड खरं होतं, जंताचं औषध दिलेलं होतं, ओळखीची चिप निघाली, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे पेपर चार महिन्यांनी का होईना आले. हाडापेरानं कुत्रं उत्तम. आजवर लंगडलं नाही, पोट बिघडलं नाही. वजन ४९ किलो. शोमध्ये उभं केलं तर लोक वळून बघतील. पेपरवर चार पिढ्यांची नावं आहेत, त्यातल्या निम्म्यांपुढे चॅम्पियन लिहिलंय. स्वभावाबद्दल एक अक्षर नाही.

हे मला जास्त लागलं, कारण मी द्राक्षवाली बाई आहे. आमच्याकडे नवी बाग लावायची तर खुंट (ज्यावर कलम करतात तो मुळाकडचा भाग) कुठला, काडी कुठल्या वेलीची, याची आम्ही पोलीस चौकशी करतो. मातृवेल डोळ्यांनी बघितल्याशिवाय डोळा भरत नाही, म्हणजे कलम करत नाही. त्या वेलीवर गेल्या दोन वर्षांत माल किती लागला, मणी फुगले का, रोग आला का, सगळं विचारतो. गंमत म्हणजे आमच्या बागेला जो खुंट आहे त्याचं नावच डॉगरीज. दीडशे रुपयांच्या रोपासाठी एवढा घोळ घालणारी मी, आठ-दहा वर्षं घरात राहणाऱ्या जनावराची आई न बघता घरी आले. नाना त्या दिवशी एवढंच म्हणाले, "खाण तशी माती," आणि रेडिओ लावला.

नाव बाजी ठेवलं. सहा महिन्यांपर्यंत सगळं गोड. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी आली, वीस-बावीस माणसं, तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. भुंकायचा, पण भुंकता भुंकता मागे सरकायचा. केनेलला फोन केला. "बोल्ड होतोय, मॅच्युअर होतोय, चांगलं लक्षण आहे." आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते.

एप्रिल २०२५, खरड छाटणी. टोळीतला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा पंपहाऊसजवळ ड्रममधून पाणी घ्यायला गेला. बाजी साखळीनं बांधलेला. पोरगा समोर होता तोवर बाजी गप्प, नुसता बघत होता. तो कळशी उचलून वळला, पाठ फिरली, आणि साखळी पोचेल एवढ्या अंतरात होता तेवढ्यात बाजीनं त्याची पोटरी धरली. दोन दात खोल. मी स्वतः साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली जखम धुतली, ग्रामीण रुग्णालयात नेलं, बाजीचं लसीचं कार्ड दाखवलं, तरी रेबीजचा पूर्ण कोर्स दिला आणि तेच बरोबर आहे. पंधरा दिवस तो घरी बसून होता, त्याची मजुरी आम्ही दिली. टोळीतल्या बायका त्यानंतर त्या बाजूच्या ओळीत शिरायलाच तयार नव्हत्या. त्यांचं काय चुकलं? केनेलला कळवलं तर उत्तर आलं, "गार्ड डॉग आहे मॅडम, चावणारच. तुम्ही ट्रेनिंग कमी दिलं." विक्रीच्या वेळी पॉवर रक्तातली होती, चावल्यावर दोष आमच्या संगोपनाचा.

आता ट्रेनर. बावीस वर्षं फौजेच्या कुत्र्यांच्या युनिटमध्ये, मेरठच्या आरव्हीसी सेंटरला, म्हणजे फौजेच्या पशुवैद्यकीय दलाच्या केंद्रात शिकलेले. मराठी नगरकडची, रागावले की हिंदी. तपासणीची फी २,५०० रुपये, पेट्रोल वेगळं. सांगितलेल्या वेळेच्या दीड तास उशिरा आले, आल्यावर कुत्र्याकडे बघितलंच नाही. खुर्ची मागितली, बाजीपासून तीसेक फुटांवर त्याच्याकडे पाठ करून बसले आणि खिशातले शेंगदाणे सोलून खायला लागले. वीस मिनिटं. मला वाटलं, हे काय अडीच हजारांचं काम?

मग हळूच म्हणाले, "भुंकतोय पुढे, पण वजन बघा कुठंय." बघितलं तर खरंच मागच्या पायांवर. कान मागे, ओठाचे कोपरे ताणलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. "शेपूट असतं तर पायात घातलेलं दिसलं असतं. ते तुमच्या केनेलवाल्यानं कापून घेतलंय, म्हणजे अर्धी भाषा तिथंच गेली." चौदा महिने मी त्या कुत्र्याला भाकरी घालत होते आणि त्याला माणसांची भीती वाटते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे त्याला शूर समजत होतो.

पुढची तपासणी मी विसरणार नाही. शेडमागून एक पत्रा आणवला, त्यावरून लोखंडी साखळी एकदम खर्रकन ओढली. बाजी आणि काळू दोघं मोकळे, गेट बंद, आम्ही ओट्यावर. दोघंही दचकले. काळू तीन उड्या मागे गेला, थांबला, परत आला, साखळी हुंगली आणि तिच्यावर तंगडी वर केली. सगळं मिळून दहा सेकंद. एकोणपन्नास किलोचा बाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली शिरला तो वीस मिनिटं बाहेर आला नाही. मी हाक मारली तर मलाही दात दाखवले. ट्रेनरसाहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. "दचकणं सगळ्यांनाच असतं ताई. मी बघतो परत यायला किती वेळ लागतो ते."

माझी पुतणी परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसली, म्हणाली, काकू, स्वीडनमध्ये हेच करतात. तिथे पत्र्यावरची साखळी, अचानक उभा राहणारा माणसाचा पुतळा, बंदुकीचा आवाज अशी ठरलेली चाचणी आहे आणि हजारो कुत्र्यांचे निकाल आईबापांच्या नावांसकट नोंदवलेले असतात. जर्मन शेफर्ड आणि रॉटविलर मिळून दहा हजारांवर कुत्र्यांचा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. त्यात असं निघालं की एक कुत्रं धीट आणि दुसरं बुजरं, या फरकातला साधारण पाव हिस्सा रक्तातून येतो. रुपयात चार आणे. बाकी बारा आणे कुठे, कसं, कुणाच्या हातात वाढलं अशा इतर गोष्टींचे. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की अंगावर जाणं हे धीटपणाबरोबर बांधून येत नाही, ते बरंचसं वेगळं उतरतं. म्हणजे केनेलवाला ज्याला 'बोल्ड' म्हणत होता ती दोन निराळी नाणी होती आणि आमच्या पदरात त्यातलं एकच, अंगावर जाण्याचं, पडलं होतं.

मी म्हटलं, मग ही जातच वाईट का? तर नाही म्हणाली. अमेरिकेत २०२२ मध्ये १८ हजारांहून जास्त कुत्र्यांवरचं काम छापून आलं, त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकात जातीचा वाटा सरासरी ९ टक्केच निघाला. "काकू, रॉटविलर हे नाव वाचून बाजीबद्दल फारसं कळत नाही. बाजीचा बाप पिंजऱ्यात बघून कळलं असतं." ही जात मुळात जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची, गुरं हाकायची आणि हातगाड्या ओढायची. बाजारात शंभर परकी माणसं, त्यात डोकं शांत ठेवणारं कुत्रं त्यांना लागायचं. अजूनही तिथल्या रॉटविलर संघटनेत पैदाशीला कुत्रं वापरायचं तर आधी त्याची परीक्षा होते, त्यात स्वभावही बघतात. आपल्याकडे डोक्याचा घेर बघतात.

बारा आण्यांचाही हिशेब तिनं काढला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनात ठरतं की जगात काय नेहमीचं आणि काय धोक्याचं. बाजीचे त्यातले पहिले दिवस अशा आईजवळ गेले जिच्याकडे परकं माणूस जाऊ देत नव्हते, उरलेले आमच्या माजघरात, पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाच्या भीतीनं दार बंद करून. म्हणजे आमचाही हात लागलाय. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण फक्त केनेलवर ढकललं तर खोटं होईल.

साहेबांनी दहा सेशन दिली, प्रत्येकी १,२०० रुपये. मी आधीच ऑनलाइन शॉकचा पट्टा मागवला होता, २,८०० चा. तो त्यांनी स्वतः उचलून कपाटावर टाकला. "घाबरलेल्याला शॉक दिलात तर तो एवढंच शिकेल की माणूस आला की दुखतं." पेट शॉपमधून आणलेली नायलॉनची तोंडपट्टीही बाद. ती लावली की जबडा उघडत नाही, आणि कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं. एप्रिलच्या उन्हात ती लावून ठेवलं असतं तर बाजी मेलाही असता. त्याऐवजी जाळीचं मोठं मुसकं, मळणीच्या बैलाला घालतात तशा बेतानं, आत जीभ बाहेर निघेल, पाणी पिता येईल असं. नानांना ते लगेच पटलं. रोज त्यात कलेजीचा तुकडा टाकून बाजीला स्वतःहून तोंड घालायला शिकवलं. दहा-बारा दिवस गेले त्यात.

बाकी काम कंटाळवाणं आहे आणि तेच खरं काम आहे. पस्तीस फुटांवर परकं माणूस उभं राहणार, बाजीनं बघितलं की तुकडा. माणूस गेलं की तुकडे बंद. पुढच्या आठवड्यात तेहतीस फूट. सहा महिन्यांत आम्ही बारा फुटांवर आलो, तेही रोज दिसणाऱ्या माणसांसाठी. व्यापाऱ्याचा नवा माणूस आला की परत पस्तीस. मी विचारलं, पूर्ण सुधारेल का? साहेब म्हणाले, "वाण आहे तो आहे ताई. मांडव मजबूत बांधा." मग वीस बाय दहाचा वेल्डमेशचा रन, म्हणजे कुत्र्याला आत फिरता येईल असं जाळीचं आवार बांधलं, सहा फूट उंच, दोन दारांचं, म्हणजे एक उघडं राहिलं तरी दुसरं बंद. फॅब्रिकेटरनं ३८,००० घेतले. छाटणी, थिनिंग, तोडणीच्या दिवसांत बाजी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा आत.

आणि रात्री? रात्रीही आत, वर जाळी टाकून. बिबट्यासाठी म्हणून आणलेलं कुत्रं बिबट्यापासून जपतोय. साहेब यावर पोट धरून हसले. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, त्यांनी खाल्लेल्या एकूण जनावरांत वजनानं ३९ टक्के कुत्री निघाली. बिबट्यानं काय रॉटविलरचे पेपर बघून सोडायचंय? केबलसाठी आता आम्ही लोखंडी पाइप आणि सीसीटीव्ही लावलाय. तो भाकरीही मागत नाही.

ट्रेनरांचा अर्धा स्टार कापला तो यासाठी: वेळ पाळत नाहीत, दोनदा न कळवता आले नाहीत, लेखी रिपोर्ट देत नाहीत, त्या वहीतल्या दोन ओळी मागितल्या तर म्हणाले तुम्हाला वाचता येणार नाहीत. पैसे रोखच लागतात. बाकी माणूस लाखात एक. त्यांनी पहिल्या भेटीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की पुढे घरात लहान मूल आलं तर हा कुत्रा त्याच्याजवळ कधीच मोकळा सोडायचा नाही, माझी दहा काय शंभर सेशन झाली तरी. पैसे घेणारा माणूस असं आधी सांगत नाही.

डिसेंबरात शेजारच्या मोकळ्या वावरात धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या. त्यांची दोन कुत्री, भलीथोरली, दिवसभर कोकरांत लोळणारी. मी दूध घेऊन गेले तर एकानं डोळा उघडला, बघितलं, मिटला. रात्री मात्र पांदीतून कुणी गेलं तरी दोन्ही उभी. नानांनी त्या म्हाताऱ्याला विचारलं, पिल्लं कशी निवडता? तो म्हणाला, "आई बघायची. मेंढरात दात लावती का, वाटसराच्या अंगाव जाती का. चावऱ्या कुत्रीचं पिल्लू कोन ठेवतंय? रोज नव्या गावात ऱ्हायचं आमाला." नानांनी माझ्याकडे बघितलं नाही, तेवढा त्यांचा मोठेपणा.

हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण परवाचा फोन. तेच केनेल, तोच गोड आवाज. ह्यांनी कधीतरी स्टेटसला टाकलेला व्हिडिओ त्यांनी बघितला होता, बाजी जाळीवर आदळतोय, फेस उडतोय. "मॅडम, डिट्टो बाप! काय पॉवर आलीय. आमच्याकडे एक फीमेल हीटवर, म्हणजे माजावर येतेय, बाजीला स्टडला, पैदाशीला द्याल का? बदल्यात एक पिल्लू तुमच्या पसंतीचं, किंवा वीस हजार." मी विचारलं, त्या कुत्रीला परक्या माणसासमोर मोकळी सोडून दाखवाल? "छे मॅडम, ती कुणालाच जवळ येऊ देत नाही."

मी सांगितलं की बाजीचं गेल्या महिन्यातच नसबंदीचं ऑपरेशन झालंय. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग म्हणाले, "अरेरे. एवढी लाइन वाया घालवली."